मल्टिप्लेअर गेममध्ये संघ बाद कधी आणि कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मराठीतून गेम डिझाइन शिकणाऱ्यांसाठी आणि दोन-चार मित्र मिळून पहिला मल्टिप्लेअर गेम बनवणाऱ्यांसाठी आहे. युनिटी, अनरिअल, गोडो या गेम इंजिनांपैकी तुम्ही काय वापरता याने इथे फरक पडत नाही. गोळी लागली, हेल्थ शून्य झाली, गडी पडला, इथवरचं काम बहुतेकांना जमतं. प्रश्न येतात ते त्याच्या पुढे.

एवढा विचार कशाला? सगळे मेले की संघ संपला, असं नसतं का?

पबजीसारख्या बॅटल रॉयलमध्ये १०० खेळाडू उतरतात. चौघांचा स्क्वॉड धरला तर २५ संघ. त्यातला एक जिंकतो, २४ बाद होतात. एपेक्स लेजंड्समध्ये तिघांचे २० संघ, म्हणजे १९ बाद. तुमचा खेळाडू शंभर सामने खेळला तर बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला बाद होणंच येणार. तरीही नवे डिझायनर जिंकल्याच्या पडद्यावर आठवडे घालवतात आणि बाद झाल्याचा पडदा शेवटच्या रात्री उरकतात. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा.

आता नियमाकडे येऊ. ‘सगळे मेले की संपलं’ हे काउंटर-स्ट्राइकमध्येसुद्धा पूर्ण खरं नाही. बॉम्ब लावून झाल्यावर हल्लेखोर संघातले पाचही जण मेले तरी राउंड चालूच राहतो. बचाव करणाऱ्यांना ४० सेकंद संपायच्या आत बॉम्ब निकामी करावाच लागतो, नाहीतर मेलेला संघ जिंकतो. अमंग असमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे क्रूमेट म्हणजे साधे खेळाडू, आणि त्यांच्यात लपलेले मारेकरी म्हणजे इम्पोस्टर. इम्पोस्टरांची संख्या उरलेल्या क्रूमेटइतकी झाली की सामना तिथेच संपतो, कारण मतदानाने त्यांना हरवणं आता शक्य नसतं. एकीकडे सगळे मरूनही संघ जिवंत, दुसरीकडे जिवंत असूनही संघ हरलेला.

म्हणून नियम लिहिताना ‘किती जण जिवंत आहेत’ हा प्रश्न पुरत नाही. ‘या संघाला जिंकायचा एकतरी मार्ग उरलाय का’ असं विचारा. मार्ग उरला नसेल त्या क्षणी सामना संपवा, आणि उरला असेल तर कितीही वाईट अवस्था असली तरी संपवू नका.

बाद करण्याचे मूळ प्रकार किती?

तीन, आणि ते तिन्ही कबड्डीत फार आधीच ठरलेले आहेत. कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार मानले जातात. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक बाद गडी परत येतो. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच बसतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये गडी बाद होतो, समोरच्याला गुण मिळतो, पण तो मैदान सोडत नाही.

हे तिन्ही संगणकावर जसेच्या तसे दिसतात. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटचा राउंड गामिनी आहे, तुम्ही मेलात की पुढच्या राउंडपर्यंत बाहेर. टीम डेथमॅच अमर आहे, गुण गेला पण काही सेकंदांत गडी मैदानात. एपेक्स, फोर्टनाइट, वॉरझोन हे संजीवनीचे वेगवेगळे अवतार.

नवा गेम सुचला की पहिल्या दिवशी या तिघांपैकी एक निवडा आणि कागदावर लिहून ठेवा. ‘थोडं हे, थोडं ते’ असं सुरू केलेल्या गेममध्ये खेळाडूला आपण मेलोय की नाही हेच कळत नाही. मिश्रण करायचं तर नंतर, एक प्रकार पक्का चालायला लागल्यावर.

नॉक म्हणजे गडी पडतो पण मरत नाही. ही अवस्था ठेवावी का?

संघ तीन किंवा चार जणांचा असेल तर ठेवा. विषामृत खेळलेल्या प्रत्येकाला याची मजा माहीत आहे. विष लागलेला गडी जागेवर थिजतो आणि सोबत्याने धोका पत्करून अमृत द्यावं म्हणून आशेने बघत राहतो. नॉक झालेला गडी सोबत्यांना निर्णय घ्यायला भाग पाडतो. आता उचलू, आधी धूर टाकू की त्याला सोडून पळू? संघाने खेळायचं तर असे निर्णय हवेतच.

दोन गोष्टी मात्र आधी ठरवाव्या लागतात. पहिली, पुन्हा पुन्हा नॉक होण्याची किंमत. पबजीत प्रत्येक पुढच्या नॉकला रक्त जास्त वेगाने जातं. लेफ्ट फोर डेडमध्ये उपचार न घेता वारंवार पडलेला गडी पुढच्या वेळी सरळ मरतो. किंमत नसेल तर लढाई संपतच नाही.

दुसरी, शेवटचा उभा गडी पडला तर काय? पबजीत आणि एपेक्समध्ये तो पडताच आधी नॉक झालेले सगळे एकदम बाद होतात, कारण उचलायला कोणीच उरलेलं नसतं. हा नियम दयाळू आहे. हरलेल्या चौघांना दोन मिनिटं रांगत ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. पण स्वतःला उठवायचं साहित्य तुमच्या गेममध्ये असेल तर हा नियम मोडतो. ते एका गड्याकडे जरी असलं तरी संघ अजून जिवंत आहे, आणि संघ बाद झाला का याची तपासणी कोडमध्ये लिहिताना हीच गोष्ट सगळ्यांत आधी विसरली जाते.

पहिला गडी गेला की सामना एकतर्फी होतो. यावर उपाय काय?

आधी हे का होतं ते बघू. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनिअरने १९१६ मध्ये मांडलेला एक हिशेब आहे. दूरवरून मारा करणाऱ्या दोन तुकड्यांत सगळे सगळ्यांवर नेम धरू शकत असतील, तर तुकडीची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे चालते. पाच विरुद्ध चार घ्या. २५ आणि १६. फरक ९, त्याचं वर्गमूळ ३. सारख्या कौशल्याचे गडी धरले तर पाचांचा संघ चारही जणांना संपवतो आणि त्याचे तीन गडी उरतात. एकाच गड्याचा फरक, पण निकाल तीन विरुद्ध शून्य.

खऱ्या गेममध्ये भिंती असतात, कोपरे असतात, एकेकट्याला गाठता येतं, म्हणून हिशेब इतका कडक लागत नाही. कल मात्र तोच राहतो. त्यामुळे नकाशात आडोसे वाढवणं हा पहिला उपाय. एका वेळी सगळ्यांना सगळ्यांवर गोळी झाडता येऊ नये.

दुसरा उपाय नियमांतून येतो, आणि इथे कबड्डीचे नियम पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहेत. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस मिळतो. म्हणजे दुबळ्या संघाकडून फुकटचा गुण काढता येत नाही. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर ती अव्वल पकड, एक गुण जास्त. आणि पूर्ण संघ बाद झाला तर लोणाचे दोन गुण देऊन सातही गडी मैदानात परत येतात. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. लोण बसलेला संघ गुणांत मागे पडतो, पण मैदानावर पुन्हा सात विरुद्ध सात होतात. हरण्याची शिक्षा गुणफलकावर राहते, खेळायची ताकद काढून घेतली जात नाही.

काउंटर-स्ट्राइकने हेच पैशातून केलं. राउंड हरलेल्या संघाला १,४०० डॉलर मिळतात, हरत राहिलात तर दर वेळी ५०० ने वाढत ३,४०० पर्यंत. पुढच्या राउंडला सगळे जिवंत असतातच, वर बंदुका घ्यायला थोडे पैसेही येतात.

बॅटल रॉयलमध्ये अशी नवी सुरुवात नसते. तिथे तोल वेगळ्या रीतीने साधतो. लढाई जिंकलेला संघ जखमी असतो, गोळ्या संपलेल्या असतात आणि आवाज ऐकून तिसरा संघ धावून येतो. हे थोडं असेल तर चांगलं. प्रत्येक लढाईत तिसरा येऊ लागला तर मात्र लोक लढायचंच सोडतात. नकाशाच्या मानाने संघ जास्त झाले आहेत किंवा बंदुकीचा आवाज फार लांब जातो आहे, असं त्यावरून समजा.

एक उपाय मी कधीच सुचवत नाही. मागे पडलेल्या संघाच्या गोळ्यांचं डॅमेज गुपचूप वाढवणं. खेळाडूला ते कळतंच, आणि कळलं की त्याचा जिंकण्यावरचाही विश्वास उडतो.

पूर्ण मेलेल्या गड्याला परत आणायची सोय असावी का?

२०१९ च्या आधी आणि नंतर या प्रश्नाचं उत्तर बदललं. फेब्रुवारी २०१९ मध्ये एपेक्स आला. त्यात मेलेल्या सोबत्याचं बॅनर त्याच्या पेटीतून ठरावीक वेळात उचलायचं आणि बीकन म्हणजे परत बोलावण्याच्या ठिकाणापर्यंत न्यायचं, की तो आकाशातून परत उतरतो. एप्रिलमध्ये फोर्टनाइटने त्याच कामाची रीबूट व्हॅन आणली. मार्च २०२० मध्ये वॉरझोनने गुलाग आणलं, मेलेले दोघे समोरासमोर लढतात आणि जिंकणारा परत येतो.

तिघांमध्ये किंमत कोण मोजतं ते पाहा. एपेक्स आणि फोर्टनाइटमध्ये जिवंत सोबती मोजतात, त्यांना उघड्यावर यावं लागतं. गुलागमध्ये मेलेला स्वतः मोजतो. पहिल्या पद्धतीत संघ घट्ट होतो, पण अनोळखी लोकांशी जोडलेला नवखा खेळाडू सोबत्यांच्या मर्जीवर राहतो. दुसऱ्या पद्धतीत नवख्याच्या हातात काहीतरी असतं, पण चांगला नेमबाज दुहेरी फायदा घेतो. तुमचे खेळाडू मित्रांसोबत येणार की एकेकटे, यावर निवड करा.

कबड्डीतला आणखी एक नियम इथे उपयोगी पडतो. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. कोणाला आधी आणायचं हे संघाच्या हातात नसतं, त्यामुळे उत्तम चढाईपटू पुन्हा पुन्हा आत आणि बाकीचे बाहेर असं होत नाही. ज्याने सर्वांत जास्त वाट पाहिली त्याचा हक्क पहिला. तुमच्या गेममध्ये एका वेळी एकच गडी परत आणता येत असेल तर निदान प्रासंगिक (कॅज्युअल, म्हणजे रँक न बदलणाऱ्या) सामन्यांत हा क्रम ठेवून बघा.

बाद झालेला खेळाडू तोवर काय करेल?

आधी पाहा की ‘तोवर’ म्हणजे किती. व्हॅलोरंटचा राउंड १०० सेकंदांचा आहे. वर स्पाइकचे, म्हणजे तिथल्या बॉम्बचे, ४५ सेकंद धरले तरी अगदी सुरुवातीला मेलेल्यालाही अडीच मिनिटांच्या आत पुढचा राउंड मिळतो. एवढा वेळ सोबत्याचा खेळ पाहण्यात जातो, आणि एकटा उरलेला सोबती तिघांना झुंजवत असेल तर बघणारेही श्वास रोखून बसतात. वीस मिनिटांच्या सामन्यात पाचव्या मिनिटाला मेलेल्याला मात्र नुसतं बघत बसा म्हणता येत नाही.

काम देता येतं. रेनबो सिक्स सीजमध्ये मेलेले खेळाडू संघाचे कॅमेरे बघून शत्रूची जागा सोबत्यांना दाखवतात. अमंग असमध्ये मेलेले क्रूमेट भूत होऊन आपली कामं पूर्ण करतात, आणि ती कामं संघाच्या विजयात मोजली जातात. माझ्या मते हा या प्रश्नावरचा सर्वांत सुंदर उपाय आहे. मेलेल्याला पुन्हा ताकद दिली नाही, पण त्याची गरज संपू दिली नाही.

काम देताना माहितीची गळती सांभाळा. बाद झालेल्याला फक्त स्वतःच्या संघाच्या नजरेतूनच दिसलं पाहिजे, मोकळा कॅमेरा नको. आणि हे सर्व्हरवर करा. लपवायची माहिती त्याच्या फोनपर्यंत पोहोचली तर ती बघायची युक्ती कोणीतरी शोधणारच. मेलेल्याने जिवंत सोबत्यांशी बोलावं का, हे गेमच्या स्वभावावर आहे. नेमबाजीच्या गेममध्ये बोलू द्या, गुपितांवर चालणाऱ्या गेममध्ये अजिबात नको.

बाद झाल्यावर पडद्यावर काय दाखवावं?

सगळ्यांत आधी, कशाने मेलो. कोणी मारलं, कुठून, कोणत्या हत्याराने, किती डॅमेज कधी लागलं. आपण का मेलो हे न कळलेला खेळाडू ‘समोरचा हॅकर आहे’ असा निष्कर्ष काढतो, आणि त्याची काही चूक नसते, तुम्ही त्याला दुसरं स्पष्टीकरणच दिलेलं नसतं.

त्यानंतर संघाचा क्रमांक. मग त्याने स्वतः संघासाठी काय केलं. फक्त किल मोजू नका. कोणाला उचललं, कोणाला गोळ्या दिल्या, किती वेळ तग धरला, हेही दाखवा. अनेक चांगले सोबती एकही किल न करता सामना जिंकून देतात आणि त्यांना ते कोणी सांगत नाही. ‘पुन्हा खेळा’ हे बटण या सगळ्यासोबत पहिल्या क्षणापासून दिसू द्या. आकडे एकेक करून उलगडणाऱ्या अॅनिमेशनमागे ते अडकवू नका.

लाल अक्षरांत भलं मोठं ‘तुम्ही हरलात’ लिहायची गरज नाही. त्याला ते माहीत आहे.

बाद झालेल्याने सामना सोडला तर दंड करावा का?

परत यायची शक्यता उरली नसेल तर अजिबात नको. शक्यता असेल तर प्रासंगिक सामन्यांत हळुवार आठवण द्या, रँक्डमध्ये दंड चालेल. कारण सोबती त्याच्यासाठी जीव धोक्यात घालत असताना तो निघून गेलेला असतो. आणि तो गेला तर सोबत्यांना ताबडतोब कळवा. गेलेल्या माणसासाठी बीकनकडे धावत जाऊन दोघे मेले, यासारखा संताप दुसरा नाही.

लपून बसणाऱ्या संघांचं काय?

सामना आपोआप संपवणारी ताकद हवीच. बॅटल रॉयलमध्ये आकसणारा झोन, म्हणजे लहान होत जाणारं सुरक्षित क्षेत्र, ज्याच्या बाहेर रक्त कमी होतं. राउंडच्या गेममध्ये घड्याळ. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्या नाहीतर बाद व्हा. लपणं ही खेळायची रीत आहे, तिला शिक्षा करू नका. फक्त तिची मुदत ठरवा.

नेट गेलं किंवा फोन आला तर गडी बाद धरायचा का?

लगेच नको. आपल्याकडे बहुतेक जण मोबाइलवर, चालत्या लोकलमध्ये किंवा घरातल्या एकाच वायफायवर खेळतात. मधेच आईचा फोन येतो. गड्याचं शरीर मैदानात राहू द्या, त्याला गोळ्या लागू द्या, पण तो परत जोडला गेला तर तिथूनच खेळू द्या. शरीर अदृश्य केलंत तर हरता हरता नेट बंद करणारे तयार होतात.

संघाच्या शेवटच्या उभ्या गड्याचं नेट तुटलं तर मात्र मुदत हवी. ती किती हे गेमच्या वेगावर ठरेल. चाचणीत सुरुवातीला एक मिनिट ठेवा आणि बघा. मुदतीत तो मेला तर संघ नेहमीसारखा बाद, मुदत संपली तरी बाद. बाद झाल्याची वेळ तेव्हाचीच धरा, नेट तुटल्याची नको.

किल कोणाचा मानायचा, नॉक करणाऱ्याचा की संपवणाऱ्याचा?

नॉक करणाऱ्याचा. उलट केलंत तर सोबतीच एकमेकांच्या हातचे किल पळवायला लागतात. उंचावरून पडून किंवा झोनबाहेर राहून कोणी मेलं तर काही सेकंदांपूर्वी ज्याने डॅमेज दिलं असेल त्याला श्रेय द्या.

शेवटचे दोन संघ एकाच क्षणी मेले तर?

हे जितकं दुर्मीळ वाटतं तितकं नाही. शेवटचा झोन पूर्ण आकसला की सगळ्यांचं रक्त एकाच ठोक्याला कमी होत असतं, एक ग्रेनेड दोन्ही संघांत फुटतो. इथे बहुतेकांच्या कोडमध्ये एकच दोष सापडतो. प्रत्येक मृत्यूनंतर लगेच ‘किती संघ उरले’ अशी तपासणी होते. मग सर्व्हरच्या यादीत ज्याचं नाव आधी तो आधी मरतो आणि दुसरा विजेता ठरतो. निकाल यादीच्या क्रमाने लागला, खेळाने नाही.

त्याऐवजी त्या टिकमधलं (सर्व्हरच्या हिशेबाच्या एका ठोक्यातलं) सगळं डॅमेज आधी लावा. मग सगळ्यांच्या अवस्था बदला. मग एकदाच संघ तपासा. उभा, नॉक, परत येऊ शकणारा मृत, नेट तुटलेला आणि कायमचा बाद अशा वेगळ्या अवस्था ठेवा, नुसतं जिवंत-मृत असं खरं-खोटं साठवू नका. तरीही दोन्ही संघ एकाच टिकला बाद निघाले तर आधीच जाहीर केलेला निकष लावा. सामन्यातले किल, तेही सारखे असतील तर दिलेलं डॅमेज. किंवा सरळ बरोबरी द्या. प्रासंगिक गेममध्ये दोन्ही संघांना विजेता म्हटलं तर कोणी तक्रार करत नाही.

स्पर्धा भरवायची असेल तर बाद होण्याचा क्रम कसा मोजावा?

बीजीएमआयच्या (पबजी मोबाइलच्या भारतीय आवृत्तीच्या) स्पर्धांत साधारण १६ संघ असतात. तिथे रुळलेली पद्धत अशी : पहिल्या क्रमांकाला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला प्रत्येकी १. त्यावर प्रत्येक फिनिशला, म्हणजे किलला, १ गुण. नववा आणि सोळावा सारखेच, शून्य. याचा अर्थ मधल्या संघांना नुसतं तग धरून फार काही मिळत नाही, लढावं लागतं. तुमच्या स्पर्धेत सगळे नवखे असतील तर खालच्या क्रमांकांनाही थोडे गुण द्या, नाहीतर अर्ध्या संघांचं दुसऱ्याच सामन्यात मन उडतं.

आमचा पहिलाच गेम आहे. कुठून सुरुवात करू?

गामिनीपासून. तीन विरुद्ध तीन, एक छोटा नकाशा, ९० सेकंदांचे राउंड, पाच राउंड आधी जिंकेल तो विजेता. नॉक नको, परत येणं नको. एवढं नीट चालू द्या, मग नॉक घाला, मग परत आणायची सोय.

चाचणीला मित्रांना बोलवाल तेव्हा तीन गोष्टींची नोंद ठेवा. राउंडमध्ये सर्वांत आधी मेलेल्याला किती वेळ थांबावं लागलं. ज्या संघाचा पहिला गडी गेला तो किती वेळा जिंकला, आणि कधीच जिंकत नसेल तर वरच्या चौथ्या प्रश्नाकडे परत या. तिसरी नोंद आकड्यांची नाही. मेलेल्या खेळाडूकडे बघा. तो सोबत्याच्या पडद्यात डोकावतोय की खिशातून दुसरा फोन काढतोय?